मदत हवी आहे: लिनिया टी-जेटचा बूस्ट ०.६ बारच्या वर जात नाही

पौडरस्ता
माझ्याकडे २०११ ची फियाट लिनिया टी-जेट (टर्बो पेट्रोल) आहे, म्हणजे आपल्या रांजणगावच्या कारखान्यातलीच. गाडी रिमॅप केलेली आहे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचे सेटिंग बदलून ताकद वाढवलेली आहे. रिमॅपनंतर बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) १.१ बारपर्यंत जात असे; गेल्या महिन्यापासून तो ०.६ च्या पुढे सरकत नाही आणि कात्रजच्या बोगद्याकडे चढताना मागची ट्रॅव्हल्सची बस हॉर्न देऊ लागते. एका गॅरेजने स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती पाहणे) करून ‘कुठेही लीक नाही’ असे सांगितले, तर दुसऱ्याने ‘टर्बो गेला’ असे सांगून पाच आकडी एस्टिमेट हातात ठेवले. शनिवारी गाडी तिथे सोडायची आहे, तेव्हा टर्बो बदलावा की नाही एवढेच कृपया सांगावे. ‘गाडी विकून टाका’ हा सल्ला घरी रोज मिळतो, तो इथे नको.

केदार के.
एवढ्या माहितीवर कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. हा ०.६ चा आकडा डॅशबोर्डवर बसवलेल्या गेजचा आहे की मोबाइलच्या ॲपचा? कितव्या गिअरमध्ये आणि किती आरपीएमला पाहिला? एरर कोड आहे का? रिमॅपशिवाय गाडीत आणखी काय बदलले आहे?

पौडरस्ता
ॲपवर पाहिला. सगळ्या गिअरमध्ये तेच. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. बाकी बदल नेहमीचेच आहेत.

निगडीकर
माझ्या मते आपण पेट्रोल बदलून पाहावे. मी माझ्या गाडीत साधे पेट्रोल टाकणे बंद करून ९७ ऑक्टेनचे सुरू केले आणि पिकअपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला. रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला साधे पेट्रोल पाजणे हा अन्याय आहे.

जुना फिटर
निगडीकर, ऑक्टेन कमी पडले तर इंजिन नॉक करते (इंधन अवेळी पेटून ठोके येतात), मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा देतो) आणि ओढ कमी होते, इथपर्यंत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु धागाकर्त्याचा बूस्टच निम्म्यावर आला आहे, आणि तोही एकाएकी. त्याला टाकीतले पेट्रोल सहसा कारण नसते.

धागाकर्त्यांना विनंती, की ‘नेहमीचेच’ म्हणजे नेमके काय ते लिहावे.

निगडीकर
काही मॅपमध्ये (ईसीयूच्या सेटिंगमध्ये) नॉक जाणवल्यावर ईसीयू बूस्टही उतरवतो, हे आपण सोयीस्करपणे विसरत आहात. एक टाकी भरून पाहायला काय हरकत आहे?

मावळमित्र
हाच प्रकार माझ्या डिझेल गाडीत झाला होता. टर्बोच्या ॲक्च्युएटरला (बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणारी बारीक रबरी नळी चिरली होती. नानापेठेतून तशीच नळी आणून बसवली आणि गाडी पूर्ववत झाली. कोणताही खर्च करण्यापूर्वी ती नळी बदलावी. शंभर टक्के तेच असणार.

केदार के.
मावळमित्र, आपली गाडी व्हीजीटी टर्बोची (पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोची) असावी. तिथे ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे नळी फाटली की बूस्ट पडतो. टी-जेटच्या पेट्रोल इंजिनात वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप) स्प्रिंगने बंद राहते आणि बूस्टच्या दाबाने उघडते. ती नळी फाटली तर वेस्टगेट उघडणारच नाही आणि बूस्ट गरजेपेक्षा जास्त चढेल, म्हणजे लक्षण नेमके उलटे दिसेल. डिझेलचा अनुभव पेट्रोलला जसाच्या तसा लावण्यात हाच धोका असतो.

मावळमित्र
नळी बदलून तोटा तर काहीच होत नाही ना? सूचना केली, पटली तर घ्यावी.

सातारारोड
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे धागाकर्त्यांना ठाऊक असेलच. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट दाखवले, तर बूस्ट किती होता हा प्रश्न गौण ठरेल. कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधले प्रदूषण कमी करणारा भाग) काढला असल्यास पीयूसीचे काय करता, हेही कळवावे.

पौडरस्ता
कन्व्हर्टर जागेवर आहे आणि पीयूसीही चालू आहे. प्रश्न बूस्टचा आहे.

जुना फिटर, आपण विचारले म्हणून लिहितो: इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज सिलिकॉनचे आहेत, एअर फिल्टर उघडा आहे आणि डम्प व्हॉल्व्ह (ॲक्सिलरेटर सोडताच साठलेला दाब मोकळा करणारी झडप) हवा बाहेर सोडणारा आहे. हे सगळे दोन वर्षांपूर्वीच बसवलेले असल्यामुळे त्याचा आताच्या तक्रारीशी संबंध दिसत नाही.

जुना फिटर
संबंध आहे. यांतली प्रत्येक वस्तू टर्बो आणि थ्रॉटल यांच्या वाटेवर किंवा त्या वाटेच्या तोंडाशी बसते.

आधी आकडा तपासून घ्या. चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, ॲपवर मॅप सेन्सरचे (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे; रिमॅपमधला मॅप वेगळा) रीडिंग पाहा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे साधारण ०.९५ बार दिसले पाहिजेत. काही ॲप समुद्रसपाटीचे १.०१ वजा करून बूस्ट दाखवतात, त्यामुळे थोडा फरक पडतो, मात्र १.१ चे ०.६ होण्याइतका पडत नाही. दिवा लागला नाही यावर विसंबू नका. कमी बूस्टचा कोड पी०२९९ असतो, पण रिमॅप करताना काही जण तो बंदच करून ठेवतात.

आता मुख्य मुद्दा. बूस्ट ०.६ वर जाऊन सपाट राहतो, की आधी वर जाऊन आरपीएम वाढेल तसा खाली येतो? सपाट राहत असेल, तर टर्बो मेला असण्यापेक्षा बूस्ट कंट्रोलचा सोलेनॉइड (वेस्टगेटला जाणारा दाब नियंत्रित करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) काम करत नसण्याची किंवा ठरावीक दाबाला एखादा जोड उघडण्याची शक्यता अधिक वाटते. या दोहोंतला फरक फुकटात कळतो. सोलेनॉइडचा कनेक्टर काढून, मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा गाडी ओढून पाहा. कनेक्टर काढल्यावर बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगपुरताच उरतो. आकडा ०.६ च राहिला, तर सोलेनॉइड आधीपासूनच निकामी आहे किंवा त्याच्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे. आकडा आणखी खाली आला, तर सोलेनॉइड जिवंत आहे आणि हवा दुसरीकडून पळते आहे. दिवा लागेल, तो नंतर कोड पुसून घालवता येतो. कृपया हा प्रयोग नवले पुलाच्या उतारावर करू नये.

पौडरस्ता
चावी ऑन केल्यावर ०.९५ दिसले. बूस्ट साधारण २५०० ते ५००० आरपीएमपर्यंत ०.६ वर सपाट राहतो. कनेक्टर काढल्यावर ०.४ झाला. म्हणजे टर्बो बदलायचा का?

जुना फिटर
नाही. सोलेनॉइड काम करत आहे. आता लीक शोधायचे आहे. स्मोक टेस्टमध्ये दाब अगदी कमी असतो, त्यामुळे अर्ध्या बारच्या पुढे तोंड उघडणारा जोड तिथे सापडत नाही. प्रेशर टेस्ट करून घ्या. टर्बोच्या तोंडावर टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले बूच लावायचे, रेग्युलेटरवरून हळूहळू हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारायचे. ब्रीदरची (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतली वाफ ओढून घेणारी) नळी आधी बंद करायला सांगा; नाहीतर तोच दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर ढकलेल आणि एकाची दोन कामे होतील. बंपर काढल्याशिवाय खालचा होज दिसणार नाही, त्यामुळे ‘वरून पाहिले’ हे उत्तर मान्य करू नका.

बाणेरची सई
मीही जुनी लिनिया घेण्याच्या विचारात आहे. टी-जेट शहरात ॲव्हरेज किती देते?

निगडीकर
टाकी भरून पाहिली असती, तर एवढी उस्तवार करावी लागली नसती.

पौडरस्ता
भोसरीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये टेस्ट करून घेतली. अर्ध्या बारपर्यंत सगळे शांत होते. त्यानंतर इंटरकूलरच्या खालच्या नळकांड्यावरचा सिलिकॉन होज एका बाजूने फुगला आणि क्लॅम्पच्या कडेने फेस येऊ लागला. होज काढल्यावर आतून तेलाचा पातळ थर निघाला. क्लॅम्प आवळलेलाच होता, पण होज त्याच्याखालून घसरून पार कडेला आला होता. पुसून, नवा टी-बोल्ट क्लॅम्प लावून होज नीट बसवला. टर्बोचा शाफ्टही हाताने हलवून पाहिला. खेळ नाही आणि पाती शाबूत आहेत. बूस्ट आता ०.९ पर्यंत जातो. शनिवारचे काम रद्द केले आहे. मात्र १.१ अजून होत नाही, त्याचे काय?

केदार के.
ईसीयू सध्या किती बूस्ट मागतो आहे? मागणीच ०.९ ची असेल तर लीक शोधण्यात अर्थ नाही. उघडा फिल्टर इंजिनच्या उष्णतेत बसला असेल आणि आत जाणारी हवा तापत असेल, तर मॅप स्वतःच बूस्ट कमी ठेवू शकतो. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू असतो) आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान, हे चारही एकाच लॉगमध्ये (गाडी चालताना केलेल्या नोंदीत) हवेत.

पौडरस्ता
रिमॅप करणाऱ्याला फोन केला होता. तो म्हणतो, ‘मॅपमध्ये काही प्रॉब्लेम नाही’.

जुना फिटर
तो तसे म्हणणारच. वर्कशॉपच्या स्कॅनरवर लॉग काढून घ्या. मागणी १.१ ची, ड्यूटी नव्वद टक्क्यांच्या घरात आणि प्रत्यक्षात ०.९ असे दिसले, तर डम्प व्हॉल्व्ह काढून कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह बसवून पाहा. स्प्रिंग मऊ पडली की तो भर दाबात थोडा उघडा राहतो. मूळ व्हॉल्व्ह जपून ठेवला असेल, अशी आशा आहे.

पौडरस्ता
डिकीत आहे. लॉग मिळाला की टाकतो.