छाती भरून आलीय, पण काकू म्हणतात 'साठू दे'. दूध नेमकं बनतं कधी?

घणसोलीची आई:
सिझेरियन होऊन तीन-चार दिवस झाले. कालपर्यंत थोडा पिवळा चीकच येत होता, आज पहाटे छाती एकदम जड झाली. सासूबाई म्हणतात, अळिवाच्या खिरीने दूध आलं. शेजारच्या काकू म्हणतात, थोडा वेळ पाजू नकोस, भरपूर साठेल. दूध आधीपासून साठलेलं असतं की बाळ ओढतं तेव्हा बनतं?

जीवशास्त्र_ठाणे:
ताई, साठू देऊ नका. दूध सतत बनत असतं, पण ते आत तुंबून राहिलं की बनवणाऱ्या पेशीच काम कमी करतात. बाळ मागेल तेव्हा पाजा.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला शिकवते आणि हा भाग मला मनापासून आवडतो. स्तनात द्राक्षाच्या घडासारख्या बारीक पोकळ्या असतात, प्रत्येकीला आतून पेशींचा एकच थर. या पेशी रक्तातून ग्लुकोज, अमिनो आम्लं, कॅल्शियम उचलतात. पेशीतल्या गॉल्जी पिंडात, म्हणजे तिच्या पॅकिंग विभागात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून लॅक्टोज तयार होतं. ही साखर तिथून परत बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती पाणी आत ओढते. दूध किती होणार, हे मुख्यतः त्यावर ठरतं! केसिन (दुधातलं प्रथिन) आणि लॅक्टोजने भरलेल्या पिशव्या मग पेशीच्या टोकाशी जाऊन पोकळीत रित्या होतात. स्निग्धांशाचा थेंब मात्र बाहेर पडताना पेशीचाच पातळ पापुद्रा अंगाभोवती गुंडाळून घेतो. तुमची प्रतिपिंडंही याच पेशी एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने दुधात सोडतात. चिकात ती फार असतात, म्हणून त्याचा थेंबही बाळाच्या पोटात जाऊ दे.

आज छाती भरली, कारण वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दोन-तीन दिवसांत या पेशी पूर्ण जोमाने कामाला लागतात. अळीव जरूर खा, लोह मिळेल.

वाशीची सिस्टर:
प्रसूती वॉर्डात काम करते, म्हणून थोडं जोडते. बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, पोकळ्यांभोवतीच्या स्नायूसारख्या पेशी आवळतात आणि पान्हा फुटतो. टाके दुखत असले, काळजी असली की हे लांबतं. बाळाला उघड्या छातीशी धरा. छाती फार कडक झाली तर आधी हाताने थोडं दूध काढा, म्हणजे बाळाला तोंडात नीट धरता येईल. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत ६ तरी लंगोट ओले व्हायला हवेत. बाळ सुस्त वाटलं किंवा पिवळं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

घणसोलीची आई:
रात्री वरचं दूध देऊन मला झोपू द्यायचं घरात ठरतंय. चालेल?

जीवशास्त्र_ठाणे:
डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर नको. दूध बनवायला लावणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्रीच जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नका. तुम्ही दिवसा बाळाबरोबर झोपा. लंगोट आणि स्वयंपाक घरच्यांनी बघावा.