नववीतला मुलगा मधल्या सुट्टीत जिन्यात बसून डबा खातो

बार्शीची_आई:
यांची बदली झाली म्हणून जूनमध्ये बार्शीहून चिंचवडला आलो. मुलगा नववीत, शाळा नवीन. तिकडे दिवेलागणीला मैदानावरून ओढून आणावा लागायचा, इथे दप्तर टाकलं की खोलीत. डबा रिकामा येतो म्हणून मी निर्धास्त होते. पालकसभेला गेले तेव्हा शिपाईमावशींनी बाजूला घेऊन सांगितलं, "तो वर्गात नाही खात, जिन्यात बसतो." विचारलं तर म्हणतो, वर्गात गरम होतं. तो "काय करायलास" म्हणाला की पोरं हसतात, हे धाकटीकडून कळलं. सोमवारी सकाळी हमखास पोट दुखतं. घटकचाचणीत मार्क चांगले, त्यामुळे मॅडम म्हणतात, "गुणी मुलगा, काही तक्रार नाही." यांचं म्हणणं, होईल सवय. मला पटत नाही. कुणाला दाखवू की थांबू?

निवृत्त_मास्तर:
ताई, गप्प मुलाची तक्रार येतच नाही, म्हणून तो आम्हा शिक्षकांच्या नजरेतून सुटतो. मॅडमना एकट्या गाठा आणि जिन्याचं सांगा. फक्त "याच्याशी मैत्री करा रे" असं वर्गात जाहीर करू नका म्हणावं, त्याने पोर आणखी आक्रसतं. त्यापेक्षा दोघांना मिळून काम द्यायचं. प्रयोगशाळेतलं सामान लावणं, खो-खोच्या मैदानाची आखणी, असलं काहीही. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. आणि बार्शीच्या दोस्तांचे फोन "अभ्यास कर" म्हणून बंद करू नका. सध्या तेवढाच आधार आहे त्याला.

समुपदेशक_ठाणे:
पोटदुखीला नाटक समजू नका. ताणाने पोट खरंच दुखतं. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोप, भूक, आवडत्या गोष्टीतला रस यांकडे लक्ष ठेवा. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा, वार्षिक परीक्षेची वाट बघू नका. "जगणं नकोसं वाटतं का" हे सरळ विचारायला कचरू नका. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलायला लागतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शंका वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. शाळेला समुपदेशकाबद्दल विचाराच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना तो नेमायला सांगितलंय. नेमला असेलच असं नाही, पण विचारलं की हालचाल होते.

बारावीचा_बाक:
काकू, मी आठवीत असाच होतो. घरी आलं की रोज "मित्र झाले का?" याचंच टेन्शन यायचं. तो प्रश्न बंद करा, प्लीज. आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये त्याला घ्यायला मॅडमना सांगू नका, तिथे अजून हसतील. माझं बॅडमिंटनच्या क्लासने जमलं. तिथे शाळेतलं कुणीच नव्हतं ना.

बार्शीची_आई:
सगळ्यांचे आभार. मॅडमना शनिवारी भेटते. यांनाही हे वाचायला दिलं, "बघू" म्हणालेत. १४४१६ वर आईने फोन केलेला चालतो का? तो स्वतः करणार नाही.

समुपदेशक_ठाणे:
चालतो. आजच करा, त्याला बोलतं कसं करायचं तेही विचारा.