सूट भांड्यावर की भाड्यावर?

आळीतला विक्रेता
सहा वर्षं झाली, पुण्यातल्या कसब्यातल्या तांबट आळीतून माल उचलून ऑनलाइन विकतो. तांब्याचे जग, ग्लास, घंगाळी. दिवाळी जवळ आली की कंपन्या, हॉटेलं, योगवर्गवाले ठोक मागणी घेऊन येतात. पहिला प्रश्न, नमस्काराच्याही आधी: बल्कला किती टक्के? दुसरा: डिलिव्हरी फ्री ना?

माझ्या मते दोन्ही एकदम देणारा एकतर खोटं बोलतो किंवा दुकान बंद करतो.

एका जगाचा हिशेब मांडतो. किंमत १९००, करासकट आणि घरपोच. वजन ९०० ग्रॅम. पण कुरियरवाला काट्याआधी टेप काढतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची, ५००० ने भागायचं, आणि हे वजन व काट्यावरचं वजन यातलं जे जास्त ते धरायचं. माझा खोका २४ बाय २० बाय २४. म्हणजे २.३ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्याने २.५. जग जातो निम्म्याहून जास्त हवा घेऊन आणि त्या हवेचं भाडं मी भरतो. बेंगळुरूला १९० रुपये. असे २४ जग सुटे पाठवले तर ४५६०.

तेच २४ एका खोक्यात, चाराच्या तीन रांगा, दोन थर, मध्ये पट्ट्या: ६० बाय ४० बाय ४८. मापाने २३ किलो, काट्यावर २४. हवा संपली. ट्रान्सपोर्टने, बिल्टीसकट (मालपावतीच्या खर्चासकट) ६००. नगामागे १६५ वाचले.

ते १६५ मी अख्खे गिऱ्हाइकाला देतो. १७३५, पोहोच. यापुढे एक रुपया नाही, कारण जगाच्या आत काही वाचलेलंच नाही. चोविसावा जग ठोकायला पहिल्याइतकाच वेळ लागतो, साच्यातून पडणारा माल नाही तो. पटत नसेल तर भांडा.

हिंजवडीतली खरेदीवाली
भांडतेच. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. मला तीन कोटेशनं जोडायची असतात आणि तक्त्यात ‘सूट’ नावाचा रकाना असतो. तुमचा १७३५ निव्वळ दर आला की तो रकाना रिकामा राहतो आणि फाइल परत येते. २५ टक्के सूट देणारा आधी २४०० लावतो आणि शेवटी १८०० ला देतो, एवढं गणित मलाही येतं. तरी पास त्याचीच फाइल होते. हसू नका, तुमच्या कंपनीतही हेच चालतं.

दुसरं. माझा माल कसब्यातून हिंजवडीला येणार. त्यात बेंगळुरूचं भाडं मी का भरू? छोटा हत्ती टेम्पो करा आणि पाठवा.

तिसरं, सगळ्याच विक्रेत्यांना: कोटेशन कर सोडून देऊन ‘जीएसटी काय, क्रेडिट मिळतंच’ म्हणू नका. क्रेडिट म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्याच्या करातून वजा करणं. भेट म्हणून वाटलेल्या मालावर आम्हाला क्रेडिट मिळत नाही. तो कर आमच्या खर्चातच जातो. यांनी करासकट आकडा दिलाय, तेवढं मात्र बरं केलं.

आळीतला विक्रेता
रकाना भरायला १९०० ची पाटी २४०० करणार नाही. हवं तर पाटी १९००, सूट १६५ असं लिहून देतो, रकाना भरेल.

छोट्या हत्तीचं ऐका. हिंजवडीला ९०० घेतो. २४ जगांवर वाटले तर नगामागे साडेसदतीस पडतात आणि बेंगळुरूचं ट्रान्सपोर्ट पडतं २५! अंतर जवळ म्हणून भाडं कमी, असं नसतं. १०० जग घ्या, मग भाडं ९ वर येतं. वाचलेले १६ तुमचे. १७१९.

लक्ष्मी रस्त्यावरचा जुना दुकानदार
भाड्याचा हिशेब चोख आहे, पण तो अर्धाच दाखवलाय. ठोक गिऱ्हाइकाला जाहिरात लागत नाही. मार्केटप्लेसचं कमिशन नाही. ‘रंग फोटोतल्यासारखा नाही’ म्हणून माल परत येत नाही. चोवीस जणांच्या चोवीस फोनऐवजी एक फोन. हे सगळं वाचलेलं कुठे गेलं? हवेचे पैसे परत दिले म्हणून मोठेपणा सांगताय आणि बाकीचे खिशात.

माझा सल्ला: सोनाराकडून शिका. सोनार सोन्यावर सूट देत नाही, घडणावळीवर देतो. तुम्हीही तांबं वेगळं दाखवा, मजुरी वेगळी. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून कोटेशन सात दिवसांपुरतंच. मजुरीवर १० टक्के सोडा, १०० नगांवर १५. गिऱ्हाईक खूश, आणि तांबं वाढलं तरी तुम्ही बुडत नाही.

तांबटाची सून
घडणावळीवर सूट. वा. म्हणजे आमच्या हातोडीवर.

१०० नगांची ऑर्डर आली की व्यापारी आमच्या ओट्यावर येऊन बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, ‘काका, ऑर्डर मोठी आहे, जरा दराचं बघा की.’ काय बघायचं? मठारकामात ठोक्याशेजारी ठोका हातानं बसवावा लागतो, ओळ चुकली की सगळा जग वाया दिसतो. शंभर जग आले म्हणून ठोके कमी होत नाहीत. दिवाळीत रात्री सासऱ्यांचा खांदा शेकायला मी बसते. मोठी ऑर्डर नेहमी घाईचीच असते, आणि घाईला खरं तर दर जास्त हवा. रेल्वेचं तत्काळ तिकीट काढताना कोणी सूट मागतं का?

आणि खोक्याचं म्हणाल तर ग्लास एकात एक घालून पाठवत जाऊ नका. जागा वाचते खरी. गेल्या वर्षी एकाने असेच ६० पाठवले, मध्ये कागदसुद्धा नाही. पोचे काढायला माल आमच्याकडेच परत आला. फुकट.

लक्ष्मी रस्त्यावरचा जुना दुकानदार
ताई, तुमची मजुरी कापा असं मी म्हटलं नाही. व्यापाऱ्याने आपल्या नफ्यातून सोडायचं.

तांबटाची सून
लिहिलंत ‘मजुरीवर १० टक्के’. आमच्या ओट्यापर्यंत शब्द तसाच येतो, काका.

हिशेबनीस, सदाशिव पेठ
तुमचं चालू द्या, मी कोरडं बोलतो. भाडं बिलात वेगळं लावलंत तरी जो जीएसटी भांड्याला तोच भाड्याला, सुटका नाही. सूट बिलावरच दाखवा, करपात्र किंमत तेवढी उतरते. ‘वर्षअखेरीस बघू’ म्हणत नंतर सोडलेल्या सुटीवरचा कर आपोआप सुटत नाही. आणि ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर चालला तर ई-वे बिल, म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद, लागतं. २४ जगांना नाही, ३० ना लागेल.

खरी गोम उधारीत आहे, तिचं कोणी नावच काढलं नाही. २००६ च्या एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण हे संरक्षण बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला. नुसता माल उचलून विकणाऱ्याला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) असूनही ते मिळत नाही. म्हणजे या ताईंच्या सासऱ्यांची नोंदणी असेल तर त्यांना तुम्ही ४५ दिवसांत द्यायचे, आणि कंपनी तुम्हाला ९० व्या दिवशी देणार. महिना दीड टक्का धरा: १७३५ वर तीन महिन्यांत ७८ रुपये. ही सूट तुम्ही न मागता देताच आहात.

हिंजवडीतली खरेदीवाली
आमच्याकडे ६० दिवस आहेत, ९० नाहीत. मात्र निम्मे आगाऊ मागितले तर मिळतात. विक्रेते टक्क्यांवर तासभर घासाघीस करतात आणि आगाऊचं विचारतच नाहीत.

आळीतला विक्रेता
मी पण विचारलं नव्हतं.

काल रात्री बसून मोजलं. जाहिरात, कमिशन, परतीचा माल धरून ठोक ऑर्डरीत नगामागे आणखी साधारण ७० वाचतात. जुने दुकानदार बरोबर होते, ते माझ्याच खिशात जात होते. आता निम्मे आगाऊ देणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातले ३५. म्हणजे १७००. उरलेले ३५ घाईच्या ऑर्डरीत तांबटाला, मजुरीच्या वर.

लक्ष्मी रस्त्यावरचा जुना दुकानदार
माल बनवणाऱ्यालाच वाढवून देणारा ठोक व्यापारी! पन्नास वर्षं गल्ल्यावर बसलो, पाहिला नव्हता.

तांबटाची सून
पस्तीस लिहून ठेवलेत मी. दिवाळीआधी देणार की नंतर?