मदत हवी आहे: लॅपटॉप माझा, पण सेटिंग बदलता येत नाहीत

शेवंती
तातडीची मदत हवी आहे. लॅपटॉप दर पाच मिनिटांनी लॉक होतो. वेळ वाढवायला सेटिंगमध्ये गेलं की वर लाल अक्षरांत 'काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते' असं दिसतं आणि खालचा पर्याय राखाडी, दाबलाच जात नाही. त्यातच आज बाहेरची हार्ड डिस्क लावली तर विचारतोय, डिस्क एन्क्रिप्ट करायची की नुसती वाचायची. नुसती वाचून काय करू? मला फाइली त्या डिस्कवर टाकायच्या आहेत. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. हे सगळं काढून कसं टाकायचं?

पिंपळपान
कशाचा शेवटचा दिवस? आणि लॅपटॉप कोणाचा, तुमचा की कंपनीचा? कंपनीचा असेल तर काहीही काढू नका. जसा दिला तसा परत करा.

तडकाफडकी
विंडोज फॉरमॅट करा, अर्ध्या तासाचं काम आहे. किंवा सरळ लिनक्स टाका. मी सहा वर्षं वापरतोय, मला कोणी सेटिंग सांभाळायला येत नाही.

शेवंती
लॅपटॉप माझाच! स्वतःच्या पैशाने घेतलाय. नोकरी सोडतेय, शुक्रवारी शेवटचा दिवस. फॉरमॅट करू शकत नाही. वडिलांचे स्कॅन केलेले जुने फोटो त्यातच आहेत आणि तेच तर डिस्कवर टाकायचे होते.

जुना_आयटीवाला
फॉरमॅटचा विचार आधी डोक्यातून काढा. डिस्कवाल्या खिडकीत 'एन्क्रिप्ट करा' हेही दाबू नका, फोटो अडकतील. आता सांगा: विंडोज होम की प्रो? लॅपटॉप सुरू करताना कंपनीचा मेल-पासवर्ड टाकता की स्वतःचा? सेटिंगमध्ये 'अकाउंट्स', त्यात 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा. तिथे कंपनीच्या खात्यावर दाबल्यावर कोणती बटणं दिसतात?

मधमाशी
अँड्रॉइडवर ही कटकट नाही. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ सोबत वर्क प्रोफाइल आलं, तेव्हापासून ऑफिसची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. कंपनीने पुसलं तरी तेवढाच कप्पा जातो, बाकीच्या फोनला हात लागत नाही.

पिंपळपान
मधमाशी, शेवंती लॅपटॉपबद्दल विचारताहेत.

शेवंती
विंडोज प्रो. स्वतःचंच खातं, पिन टाकते. खात्यावर दाबलं की 'इन्फो' आणि 'डिस्कनेक्ट' अशी दोन बटणं येतात. डिस्कनेक्ट दाबू का?

तडकाफडकी
दाबा की! लॅपटॉप तुमचा, बटण तुमचं. परवानगी कसली मागता?

जुना_आयटीवाला
थांबा. आधी 'इन्फो'चा अर्थ. नुसतं 'डिस्कनेक्ट' दिसलं असतं तर फक्त खातं जोडलंय असं समजायचं. 'इन्फो' आहे म्हणजे लॅपटॉप एमडीएममध्ये नोंदलेला आहे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरकडून त्याला नियम येतात. पाच मिनिटांचं लॉक आणि डिस्कवर लिहायला बंदी तिथूनच आलीय. बहुतेक तुम्ही ऑफिसच्या एखाद्या अ‍ॅपमध्ये पहिल्यांदा साइन-इन केलंत तेव्हा एक खिडकी आली असणार, 'माझ्या संस्थेला हे डिव्हाइस सांभाळू द्या', आणि टिक आधीच केलेली. 'फक्त या अ‍ॅपमध्ये साइन-इन करा' हा पर्याय खाली बारीक अक्षरांत असतो. माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांतल्या जवळजवळ कोणालाच ती खिडकी आठवत नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

आता महत्त्वाचं. सी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का? चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायची राखीव किल्ली, कुठे ठेवलीत?

शेवंती
दोन वर्षांपूर्वी एन्क्रिप्शन चालू करा असा निरोप आला होता. मी पुढे-पुढे दाबत गेले. किल्ली कुठे ठेवायची विचारलं तेव्हा 'कामाचं खातं' निवडलं असावं. त्याचा इथे काय संबंध?

जुना_आयटीवाला
सगळा संबंध तिथेच आहे. ती किल्ली म्हणजे ४८ अंकी आकडा. एरवी तो कधीच लागत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप कुलूप आपोआप उघडते. पण उद्या बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलावा लागला की निळी स्क्रीन येऊन ४८ आकडे मागू शकते. तुमचे आकडे कंपनीच्या खात्यात. शुक्रवारनंतर ते खाते बंद. मग फोटो समोर असून मिळणार नाहीत आणि कोणतंही दुकान ते उघडून देऊ शकणार नाही.

म्हणून आजच: कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर उघडा, 'बॅक अप युअर रिकव्हरी की' दाबा, कागदावर प्रिंट काढा. त्याच ड्राइव्हवर फाइल म्हणून ठेवायला तो तसाही नकार देतो.

काजवा
याच कारणासाठी मी ऑफिसचं काम स्वतःच्या मशीनवर करत नाही. कंपनीला काम हवं असेल तर तिने लॅपटॉप द्यावा. ब्राउझरचा इतिहास, फोटो, सगळं त्यांना दिसतं.

जुना_आयटीवाला
पहिल्या वाक्याला शंभर टक्के सहमत. शेवटचं चुकीचं आहे. एमडीएमच्या पॅनेलवर मॉडेल, सीरियल नंबर, विंडोजची आवृत्ती, एन्क्रिप्शन आहे की नाही, अशी माहिती दिसते. फोटो दिसत नाहीत, ब्राउझिंगही नाही. मी अशा पॅनेलसमोर रोज बसतो.

काजवा
तुमच्या पॅनेलवर दिसत नसेल. पण त्याच वाटेने कंपनी स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या जोरावर सुरक्षित साइटची ये-जाही वाचता येते) बसवू शकते, एंडपॉइंट सिक्युरिटीचं, म्हणजे लॅपटॉपवर लक्ष ठेवणारं, सॉफ्टवेअर ढकलू शकते. मग कोणत्या साइटवर गेलात, कोणती फाइल उघडलीत, हे नोंदलं जातं. तुम्ही फक्त दाराचं वर्णन करताय, दारातून आत काय येतं ते सांगत नाही.

जुना_आयटीवाला
हे मान्य. ते मी लिहायला हवं होतं. शेवंती, इन्स्टॉल झालेल्या अ‍ॅपच्या यादीत तुम्ही न टाकलेलं काही दिसतं का तेही बघा.

उंबरठा
मॅकचं विचारतो. वापरलेला मॅक घेतला, पुसून सुरू केला तर 'रिमोट मॅनेजमेंट' म्हणून कुठल्यातरी कंपनीचं पान येतंय. पुन्हा पुसू का?

पिंपळपान
उंबरठा, वेगळा धागा काढा. थोडक्यात सांगायचं तर तो सीरियल नंबर त्या कंपनीच्या नावावर अ‍ॅपलकडे नोंदलाय, कितीदा पुसलात तरी ते पान येणारच. जुन्या मालकाला यादीतून काढायला सांगा, नाहीतर मॅक परत करा.

शेवंती
किल्ली मिळाली. दोन प्रती काढल्या, एक घरी कपाटात, एक बहिणीकडे. आकडे मोजले, ४८ आहेत. न टाकलेलं एक अ‍ॅप सापडलं, सिक्युरिटीचंच आहे. आता डिस्कनेक्ट?

जुना_आयटीवाला
दाबून बघू शकता, पण काही कंपन्या हाताने बाहेर पडणं नियमानेच बंद करतात. मी असतो तर आयटीला मेल टाकला असता: 'हा लॅपटॉप माझ्या मालकीचा आहे, शेवटच्या दिवशी रिटायर करा, वाइप करू नका, सिक्युरिटी अ‍ॅपही काढा.' हे दोन शब्द नीट लिहा. रिटायर म्हणजे कंपनीचे नियम आणि डेटा जातो, तुमचा राहतो. वाइप म्हणजे लॅपटॉप कोरा होतो. पॅनेलवर ही दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. आणि फोटो त्याआधी क्लाउडवर किंवा केबलने दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवा.

तडकाफडकी
आयटीला विनवण्या करण्यापेक्षा लिनक्स बरं, एवढंच म्हणेन.

काजवा
त्यांना दोन दिवसांत फोटो वाचवायचेत, नवीन प्रणाली शिकायची नाही.

शेवंती
शुक्रवार रात्र. फोटो गुरुवारीच बहिणीच्या मशीनवर नेले. आयटीने रिटायर केलं, कंपनीचं खातं गेलं, सिक्युरिटी अ‍ॅपही गेलं. डिस्क लावली, काही विचारलं नाही, फाइल लिहिली गेली. पण लॉक अजून पाच मिनिटांनीच होतंय. लाल अक्षरं गेली तरी!

जुना_आयटीवाला
काही नियम गेल्यावरही आकडा मागे ठेवून जातात. प्रोमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा. त्यात 'लोकल पॉलिसीज', मग 'सिक्युरिटी ऑप्शन्स', आणि तिथे 'मशीन इनअ‍ॅक्टिव्हिटी लिमिट'. सेकंदांत असतं.

शेवंती
३०० लिहिलं होतं. शून्य केलं, रीस्टार्ट केलं. वीस मिनिटं झाली, स्क्रीन उघडीच आहे.