काष्ट्याची खुर्ची: निऱ्या लाकडात काढू की कापडात?

मृण्मयी_को

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरात सुतारकामाचं शेड आहे. बाबा, दोन मिस्त्री आणि एक पॉलिशवाला. देव्हारे, डायनिंग सेट, लग्नातले पलंग हे वर्षानुवर्षांचं काम. मी फॅशन डिझाइन शिकून परत आले आणि आता, बाबांच्या शब्दांत, शेडमध्ये लुडबुड करते.

गावातल्या एका ताईंचं शिवलेल्या नऊवारीचं दुकान आहे. नवरी मुलगी, आई, आत्या, दोन मैत्रिणी असा गोतावळा येतो आणि तासन्‌तास बसतो. ताईंना ट्रायल रूमबाहेर दोन खुर्च्या, एक बाक आणि पूर्ण उंचीचा आरसा हवाय. "जुन्या सिनेमाचा थाट पाहिजे, पण हॉटेलची लॉबी वाटायला नको," एवढंच सांगितलंय. आणि हल्ली सिनेमाचा थाट म्हटला की जो तो फोनवर सोनेरी पायांची, मखमली शिंपल्याची खुर्ची दाखवतो. अहो, ज्या गावात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी रंगवलेले पडदे बाजूला सारून खरेखुरे सेट उभे केले, जिथं 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि त्याच वर्षी सिनेमाचे कपडे करणाऱ्या भानू अथैया जन्मल्या, तिथं बसून शिंपलेच करायचे का?

माझं रेखाटन असं आहे. खुर्चीची पाठ म्हणजे निऱ्या: वर अरुंद, खाली रुंद होत जाणाऱ्या सागाच्या पट्ट्या. पुढच्या कडेपासून एक रुंद पट्टी निघते, बैठकीखालून मागे जाते, पाठीमागून वर चढते आणि वरच्या आडव्या पट्टीत खोचली जाते. म्हणजे समोरून निऱ्या, मागून काष्टा.

बाबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "निऱ्यांतली धूळ कोण काढणार?" मिस्त्री म्हणाले, "ताई, ही पट्टी वाकणार कशी?" दोघांनाही उत्तर देता आलं नाही. शिवाय ताईंचा हट्ट आहे की बैठक पैठणीची असावी. मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला कारणं हवीत. आरशाचं तर अजून काहीच सुचलेलं नाही.

सेटिंगवाला

मृण्मयी, मी गोरेगावला सिनेमाच्या सेटिंगच्या कामात हयात घालवली. आता घरी बसून नातवाची खेळणी दुरुस्त करतो, तेव्हा वेळच वेळ आहे.

आधी एक लक्षात घे. सेटवरचं फर्निचर कॅमेऱ्यासाठी असतं. राजाचं सिंहासन मागून बघशील तर पॅकिंगची फळी, बाहेर आलेले खिळे आणि कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेला सीन नंबर. लाकूड प्लायचं, नक्षी पीओपीची, सागाच्या रेषा पेंटरने ब्रशने ओढलेल्या. नट बुटका असला की बैठकीखाली ठोकळा. शूटिंग संपलं की मोडायचं. लोक 'सिनेमावरून फर्निचर' म्हणतात तेव्हा ते या पुढच्या बाजूचीच नक्कल करतात आणि मग ती खुर्ची चार दिवसांत कुरकुरायला लागते.

तुझ्या खुर्चीची मागची बाजू समोरच्याइतकीच बोलकी आहे, हे मला आवडलं. मग ती भिंतीला टेकवून ठेवायची नाही. आरशासमोर अशी तिरकी मांड की बसणाऱ्याला आरशात काष्टा दिसला पाहिजे. ताईंना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर दुकानात जागा कमी म्हणून त्या खुर्च्या भिंतीला लावतील आणि तुझी सगळी मेहनत भिंत बघत बसेल.

आता पट्टी. जाड साग वाफेवर वाकवायला गेलीस तर तडकायची भीती जास्त, त्यातून लाकूड भट्टीत वाळवलेलं असेल तर विचारूच नको. तीन मिलीच्या पट्ट्या चिरून घे, रेषा सगळ्यांच्या एकाच दिशेला, आणि साच्यावर एकीवर एक चिकटवून रात्रभर क्लॅम्प मारून ठेव. साच्यातून काढल्यावर पट्टी थोडी उघडते, म्हणून साचा हव्या त्या वळणापेक्षा जरा जास्त वळवून करायचा. मिस्त्रींना आधी टाकाऊ लाकडावर करून बघू दे.

धुळीबद्दल तुझे वडील बरोबर आहेत. दोन निऱ्यांमधली खोबण टोकदार ठेवू नकोस. फडका गुंडाळलेलं बोट तळापर्यंत गेलं पाहिजे, एवढी रुंद आणि तळाला गोल.

आणि चकचकीत पॉलिश अजिबात नको. सेटवर आम्ही लाकडाची चमक घालवायचो, कारण लाइट पडला की लाकूड पेटल्यासारखं दिसतं. तुझ्याकडे तर शेजारी आरसा आणि दिवे. हाताने चपड्याचं पॉलिश कर, वर मेण घास.

पक्का_पुणेकर

शिंपल्याची खुर्ची आमच्या हॉलमध्ये आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, इस्त्रीचे कपडे असतात. एवढंच सांगायचं होतं.

टाका_टीप

मृण्मयीताई, मी सोफ्याच्या कापडाचं काम करते, त्याआधी ब्लाउज शिवायचे. म्हणजे दोन्हीकडची.

पैठणीला नाही म्हणा, निःशंक म्हणा. जरीची तार घासली की उसवते, बांगडी अडकली की धागा ओढला जातो, आणि ज्या जागी लोक रोज बसतात-उठतात तिथं रेशीम आधी विरळ होतं, मग फाटतं. दुकानात ऊन येत असेल तर रंगही जाणार. ताईंना फारच वाटत असेल तर जुन्या पैठणीचा काठ आरशाच्या चौकटीत काचेमागे बसवा. तिथं त्याला कुणी हात लावणार नाही आणि दिसेल मात्र सगळ्यांना.

पाठीच्या छोट्या उशीला कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण छान दिसेल. त्याचा पन्हा लहान, तेव्हा जोड येणारच. जोड लपवू नका, बरोबर मध्यावर घ्या आणि वर पाइपिंग द्या. ही पाइपिंगची पट्टी उरेब कापायची. सरळ कापलीत तर गोलाईवर चुण्या पडतात, उरेब कापड वळणावर आपसूक बसतं. बैठकीला मात्र जाड सुती कापड, गडद रंगात. कुणीतरी घोंगडी सुचवेल. दिसायला देखणी, पण रेशमी नऊवारी तिच्यावरून सरकत नाही, अडकते. नवरी उठायला लागली की मागून काष्टा सुटायचा.

खाली निवार पट्टी ताणून उभी-आडवी विणा, वर 40 डेन्सिटीचा फोम. मऊ फोममध्ये आत्याबाई रुतल्या की दोघींनी हात धरून उठवावं लागतं.

आता मला खरं सांगायचंय ते. तुम्ही भानू अथैयांचं नाव घेतलंत. 1968 च्या 'ब्रह्मचारी'तली मुमताजची केशरी साडी आठवते ना? ती नेसवलेली वाटते, पण निऱ्या शिवलेल्या आणि झिप लावलेली, नाचताना सुटू नये म्हणून. गंमत बघा, त्याच वर्षी आलेल्या कुब्रिकच्या '2001: अ स्पेस ओडिसी'मध्ये अंतराळस्थानकावर लालभडक खुर्च्या आहेत. त्या फ्रान्सच्या डिझायनर ऑलिव्हिए मूर्ग यांच्या. आत लोखंडी नळीचा सांगाडा, त्यावर फोम, आणि वर ताणलं जाणारं जर्सी कापड, अंगावर मोजे चढवावेत तसं. डागलं की काढायचं. एकीकडे साडीला झिप, दुसरीकडे खुर्चीला झगा!

तर निऱ्या लाकडातच असू द्या, पण कापड खिळ्यांनी ठोकू नका. बैठकीचं कव्हर झिपवालं करा, झिप मागच्या कडेला खाली. दुकानात चहा सांडणार, हळदीचा हात लागणार. ताई शिवलेली नऊवारी विकतात, त्यांना हे एका वाक्यात कळेल. जादा कव्हरांचा एक जोड आत्ताच शिवून द्या, नंतर त्याच रंगाचं कापड मिळत नाही.

मृण्मयी_को

काका, टाका_टीप ताई, मनापासून आभार. झिपचं ताईंना फोनवर सांगितलं, एका वाक्यात पटलं. काठ काचेमागे हे ऐकून तर त्या लगेच कपाट उघडायला गेल्या.

बाबांनी काकांचं उत्तर दोनदा वाचलं. "माणूस कामाचा दिसतोय," एवढंच बोलले. पण पट्ट्या चिरण्यात बराच साग भुश्यात जातो म्हणून कुरकुर चालू आहे.

चप्पल_लाइन

मी गाववालाच, म्हणून बोलतो. पट्टी लाकडाचीच कशाला? कोल्हापुरात बसून चामडं आठवू नये म्हणजे कमाल झाली. आपल्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. जाड, आणि वळवाल तसं वळतं. बैठकीखालून घ्या, मागून वर काढा, वर खोचा आणि आतल्या बाजूला एक बक्कल द्या. ढिलं पडलं की एक भोक पुढं. काष्टा घट्ट करतात तसाच!

सेटिंगवाला

चप्पल_लाइन, सुचवलंस झकास. मी माझी लाकडाची पट्टी मागे घेतो. दोन गोष्टी मात्र सांभाळ. त्या पट्ट्यावर वजन येता कामा नये, पाठीचा भार लाकडाच्या सांध्यांनीच पेलायचा. नाहीतर चामडं ताणत जाईल आणि पाठ सैल पडेल. दुसरं, नव्या चामड्याचा रंग आणि तेल फिक्या रेशमाला लागतं. मागे आणि खाली आहे तोवर ठीक, पण पुढच्या कडेला जिथून पट्टा निघतो तिथं तो बैठकीच्या दोन बोटं आत सुरू कर.

आणि हो, हातांच्या टोकांना नक्षी नको, पदर अडकेल. सगळं काम झालं की एक रेशमी चिंधी घेऊन खुर्चीवरून फिरव. वरून, खालून, पायांच्या आतून. चिंधी जिथं अडेल तिथं पुन्हा पॉलिशपेपर.

बैठकीची उंची अठरा इंच ठेव. सोफ्यासारखी खाली नेलीस तर म्हाताऱ्या बायका तुला शिव्या घालतील.

दादर_मॅटिनी

आरशाचा विषय कुणी घेतला नाही, म्हणून मी. व्यवसायाने इंटिरियरवाला, मनाने मॅटिनीवाला.

मुंबईच्या जुन्या थिएटरांकडे बघा. रीगल 1933 चं, इरॉस 1938 चं, लिबर्टी 1949 चं. लिबर्टीच्या आतली सजावट वामन नामजोशींची, हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. या आर्ट डेको शैलीमधली एकच युक्ती उचला: पायऱ्या. आरशाची चौकट तीन पट्ट्यांत करा, बाहेरची सगळ्यात पुढे, मग प्रत्येक पट्टी अर्धा इंच मागे, आणि सगळ्यात आत काच. पडद्याकडे नजर ओढायला थिएटरात असंच केलेलं असतं. नवरी समोर उभी राहिली की तीच पडद्यावर! याला वक्र लाकूड लागत नाही, सरळ पट्ट्या आणि काटेकोर मापं. तुमचे मिस्त्री डोळे मिटून करतील. मधल्या पायरीत पैठणीचा काठ बसेल.

फक्त सोनेरी रंग लावू नका, हात जोडून विनंती.

आता दिवे, कारण सगळा खेळ तिथंच बिघडतो. वरून एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि मुलगी म्हणते, साडी शोभत नाही. चेहऱ्याच्या उंचीला दोन्ही बाजूंनी दिवे द्या, मेकअप रूममध्ये असतात तसे. बल्ब घेताना खोक्यावरचा सीआरआय आकडा बघा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा), 90 च्या वरचा घ्या. स्वस्त एलईडीखाली राणी रंग आणि डाळिंबी रंग यांत फरक कळत नाही, मग बाई दुकानाच्या दारात जाऊन उजेडात साडी धरते. तुमच्या ताईंच्या दुकानात हे रोज होत असणार, विचारून बघा.

मृण्मयी_को

विचारलं. रोज होतं. त्यांनी त्यासाठी दारात एक स्टूल ठेवलंय!

ठरलं ते सांगते. निऱ्या सागात, खोबण गोल. काष्टा चामड्याचा, बक्कल आतून. बैठकीला मोरपंखी जाड सुती, झिपवालं कव्हर, जादा जोडासकट. पाठीला खणाची उशी. आरसा तीन पायऱ्यांचा. बाकाला काही नाही, साधा, फक्त पायांना खुर्चीचाच उतार. सगळंच बोलायला लागलं तर दुकानात साड्यांकडे कोण बघणार?

शेवटचा प्रश्न, आणि हा बाबांचा आहे: पैसे कसे लावायचे? डायनिंग सेटचा हिशोब आमच्याकडे लाकूड अधिक मजुरी असा सरळ असतो. इथं नमुने, साचे, चामडेवाल्याकडे फेऱ्या, हे कशात धरायचं?

सेटिंगवाला

वडिलांना सांग, पहिल्या नगाच्या बिलात दोन ओळी करा. एक खुर्चीची, एक नमुन्याची. नमुन्याच्या ओळीत साचे, टाकाऊ लाकूड आणि तुझं रेखाटन, सगळं. दुसऱ्या खुर्चीला ती ओळ नाही. आणि रेखाटनाचे कागद, साचे शेडमध्येच ठेवायचे, गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. त्या ताईंच्या बहिणीचं सांगलीत दुकान निघालं तर?

मृण्मयी_को

काका, बहीण आहे. इचलकरंजीत.