भाकरी-आमटीच्या रोजच्या जेवणात नेमकं काय कमी पडतंय?

कृष्णाकाठ (पलूस)
घरात चौघं, सगळे प्रौढ. शाकाहारी, अंडंही नाही. सकाळी पोहे किंवा उप्पीट. दोन्ही जेवणांत मिळून माणशी तीन ज्वारीच्या भाकरी आणि एक वाटी भात. आमटीला दिवसभरात चौघांत मिळून एक वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण १२० ग्रॅम. भाजीला शेंगदाण्याचं कूट असतंच. दूध फक्त चहापुरतं. चहा तीनदा, त्यातला एक दुपारच्या जेवणानंतर लगेच.

५५ किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन १०.२ आणि बी-१२ कमी आलंय. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू आहेत, त्या बंद करायच्या नाहीत. ताटात काय बदलावं? गूळ आणि बेदाणे वाढवा असं सगळे सांगतात. प्रोटीन पावडर लागेल का?

मोगरा_मिरज
पावडर नको, डाळ वाढवा. हिशोब मांडून बघा. प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोला सुमारे ४६ ग्रॅम. तीन भाकरींचं पीठ १८० ग्रॅम धरलं तर त्यातून १८ ग्रॅम मिळतात. पोहे आणि भात मिळून ८ च्या आसपास. चहातलं दूध आणि कूट मिळून ७. डाळ माणशी ३० ग्रॅमच पडते, तिच्यातून जेमतेम साडेसहा. बेरीज चाळिशीच्या आत-बाहेर, आणि त्यातली निम्म्याहून जास्त धान्यातली. ज्वारी-तांदळात लायसिन हा प्रथिनांचा गरजेचा घटक कमी असतो, तो डाळ भरून काढते. म्हणून भाकरी वाढवून ही तूट नीट भरत नाही.

आमटी वाटीभर दिसते, पण वाटीत पाणी किती आणि डाळ किती हे कोणी मोजत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात कडधान्यं-डाळी ८५ ग्रॅम आहेत. तुम्ही निदान ६० वर या. दुपारी डाळ, रात्री मटकी, हरभरा किंवा घेवड्याची उसळ, दोन्ही मिळून चौघांना कोरडी दोन वाट्या. सोबत माणशी वाटीभर दही. एवढ्यात ५० ग्रॅमच्या पुढे जाल.

वसनाकाठ (कोरेगाव)
घेवडा सुचवलाय तर शिजवायची रीतही सांगतो, कारण इथे चूक महागात पडते. आमच्याकडचा वाघ्या घेवडा रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून टाकायचं आणि ताज्या पाण्यात कुकरला दाणा बोटाने चिरडेपर्यंत शिजवायचा. उघड्या भांड्यात शिजवायचा असेल तर आधी निदान १० मिनिटं खळखळ उकळी द्या. मंद आचेवर अर्धवट शिजला तर त्यातलं लेक्टिन हे अपायकारक प्रथिन नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. चिंच, टोमॅटो, आमसूल दाणा मऊ झाल्यावरच घाला. आधी घातलं तर कितीही शिट्ट्या केल्या तरी तो टणकच राहतो.

शेवगा_वाई
लोहाबद्दल. मासिक पाळी सुरू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. वरच्या जेवणात ते निम्म्यापेक्षा कमी आहे, आणि धान्य-डाळीतलं लोह शरीर मुळातच थोडं शोषतं. त्यावर जेवणानंतरचा तो चहा! चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. पहिला बदल हाच करा: जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नको. खर्च काही नाही आणि फरक पडतो.

दुसरा बदल लिंबाचा. क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, पण ते त्याच जेवणात हवं. अर्धं लिंबू आमटी खाली उतरवल्यावर पिळा, उकळत्यात नको. जेवणाबरोबर पेरूची फोड किंवा आवळा असला तर उत्तमच. थंडीत आठवड्यातून तीन-चार दिवस बाजरी करा. शंभर ग्रॅम पिठात ज्वारीत ४ मिलिग्रॅम लोह, तर बाजरीत ६ च्या पुढे. पीठ चाळून कोंडा टाकू नका. मेथी, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला आलटून पालटून घ्या. नुसत्या पालकावर राहू नका, त्यात ऑक्झॅलेट जास्त, ते लोह शोषायला अडथळा आणू शकतं.

गुळाचं म्हणाल तर १० ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम लोह. मूठभर बेदाण्यातही एका मिलिग्रॅमच्या आसपासच. तासगावचे बेदाणे आवडीने खा, पण त्यांच्यावर हिमोग्लोबिन चढणार नाही.

कृष्णाकाठ (पलूस)
चहाची वेळ आजपासून बदलतो. लोखंडी कढईचा उपयोग होतो का? आणि दह्याने बी-१२ भरून निघेल का?

मोगरा_मिरज
कढईचा होतो, विशेषतः आंबट रसभाजीला. पण भाजी झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी आणि तुरट होते.

बी-१२ नुसत्या दह्याने भरून निघणार नाही. २५० मिलिलिटर दुधात ते सुमारे १ मायक्रोग्रॅम असतं आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. दूध-दही वाढवून पुढची घसरण थांबते, आत्ताचा खड्डा गोळ्या किंवा इंजेक्शननेच बुजतो. इडली, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांच्यावर भरवसा ठेवू नका. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नये. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी बी-१२ कमी होतं.

शेवगा_वाई
लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, त्याने घाबरू नका. नियमित गोळी घेतल्यावर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर ताटात आणखी फेरफार करत बसू नका. पाळीत जास्त रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे तपासून घ्या. आणि आकडा १२ वर गेला म्हणून लगेच गोळी सोडायची नाही. शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.