अनुभव धागा : 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'चं एवढं कौतुक रास्त आहे का?

अँग लीचा हा चिनी तलवारबाजीचा चित्रपट मे २००० मध्ये कान महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी चार ऑस्कर घेऊन गेला : परभाषी चित्रपट, छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि संगीत. अमेरिकेत त्याने बारा कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. सबटायटल्स वाचत बघायच्या सिनेमाला तिथे एवढी गर्दी आधी कधीच झाली नव्हती. खुद्द चीनमध्ये मात्र स्वागत बेताचंच झालं. आपल्याकडेही दोन तट आहेत. एक म्हणतो, असा सिनेमा पुन्हा झाला नाही. दुसरा म्हणतो, माणसं झाडांवर उडतात, त्यात एवढं काय?

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. कुठे पाहिला, काय मनात राहिलं, काय खटकलं. नुसतं 'छान' किंवा 'बकवास' नको. शेवटाबद्दलही बोलणं होईल, तेव्हा न पाहिलेल्यांनी आधी सिनेमा बघावा.

सुरुवात मीच करते. माझ्या मते कौतुक रास्त आहे, पण ते उडण्याच्या वाट्याला फार गेलं. मला विचाराल तर सगळा सिनेमा तालीमखान्यातल्या मारामारीत आहे. शू लिएन (मिशेल यो) आणि जेन (झांग झियी) समोरासमोर. जेनच्या हातात 'ग्रीन डेस्टिनी', समोर येईल ते चिरणारी तलवार. शू लिएन एकामागून एक हत्यार उचलते आणि एकेक तुटत जातं. एक तर इतकं जड की ते पेलताना तिचाच तोल जातो. शेवटी मोडक्या पात्याने ती जेनचा गळा गाठते आणि थांबते. जेन त्या थांबण्याचा फायदा घेऊन तिच्या दंडावर वार करते. धाकटी बहीण मानलेल्या मुलीने केलेला तो वार आहे. दोघींचं नातं, राग, वयाचं अंतर, सगळं त्या दोन-चार क्षणांत कळतं, त्यासाठी वेगळे संवाद लागत नाहीत. याच सिनेमाच्या चित्रीकरणात मिशेल योच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता आणि शस्त्रक्रिया करून ती परत उभी राहिली होती, हे कळल्यावर तिच्या प्रत्येक पवित्र्याकडे मी वेगळ्याच आदराने बघते.

नागपूरहून

माझं मत सरळ आहे : छायाचित्रण आणि संगीत यांचं कौतुक मान्य, बाकीचं नाही.

मी हा टीव्हीवर, हिंदी डबिंगमध्ये घरच्यांबरोबर पाहिला. पहिल्या रात्रीच्या पाठलागात माणसं भिंतींवरून चालायला लागली आणि घरात हसू फुटलं. डबिंगवर खापर फोडून भागणार नाही, कारण नंतर मूळ मँडरिनमध्ये पाहिला तरी अडचण तीच राहिली. ब्रूस लीच्या सिनेमात पाय जमिनीवर असतात, लाथ बसली की आपल्याला कळ येते. इथे सगळेच हवेत तरंगू शकतात, मग पडायची भीती कुणाला? भीती नाही तर लढाई कसली? त्यात ऐन मध्यावर वाळवंटातली प्रेमकहाणी येते. जेन आणि दरोडेखोर लो, हरवलेली फणी, घोड्यावरून पाठलाग. दिसायला सुंदर, पण तलवारीची गोष्ट तोवर थांबून राहते. मला तो भाग कापलेला चालला असता.

ठाण्याहून

नागपूरकर, उडण्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण शाळेत असल्यापासून मी दोरीचा मल्लखांब करत होते.

उडताना दिसावं म्हणून तारेला टांगलेलं शरीर लगेच ओळखू येतं. तार कमरेच्या पट्ट्याला असते, त्यामुळे कच्च्या कामात कंबर आधी उचलली जाते आणि डोकं, पाय मागून लोंबकळत येतात. दोरीवर नवशिक्या मुलीचं नेमकं असंच होतं : पोट सैल सुटलं की पाय जड होतात. झांग झियीचं पोट कुठेही सैल सुटत नाही. ती बीजिंगमध्ये लहानपणापासून नृत्य शिकलेली आहे आणि ते पायाच्या चवड्यापर्यंत दिसतं. छतावरून खाली येताना ती आधी चवडा टेकवते, मग टाच, मग गुडघा किंचित वाकवून भार घेते. तार असूनही भार स्वतः घ्यायचा, हे शिकवावं लागतं. मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंग यांचं काम तिथे दिसतं. 'द मॅट्रिक्स'च्या मारामाऱ्याही त्यांच्याच.

बांबूच्या वनातला प्रसंग परत बघा. नटांना खरोखरच क्रेनला बांधून झाडांच्या शेंड्यांवर लटकवलं होतं, तारा नंतर संगणकावर पुसल्या. ली मू बाई (चाउ युन-फॅट) उभा असतो ती फांदी त्याच्याखाली लवते, डोलते, आणि तो तिच्या झोक्याबरोबर हलतो. जेन त्या झोक्याशी झगडत असते, तो झगडत नाही. दोघांमध्ये कोण वरचढ हे एकही घाव न घालता कळतं. वजन नाही म्हणता? तो सगळा प्रसंगच वजनाचा आहे.

सिंगापूरहून

इथल्या चिनी सहकाऱ्यांबरोबर या सिनेमावर खूप वाद घातलेत, म्हणून त्यांची बाजू मांडतो.

त्यांची पहिली तक्रार भाषेची. चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, त्याच्या मँडरिनवर कँटोनीजची छाप. मिशेल यो मलेशियाची, तिने संवाद ध्वनीवरून पाठ केलेले. लो झालेला चांग चेन तैवानचा. पेशवाईवरच्या नाटकात बाजीराव एका प्रांताच्या, मस्तानी दुसऱ्या आणि नाना तिसऱ्याच प्रांताच्या उच्चारात बोलले तर पुण्याच्या प्रेक्षकाला जे वाटेल, ते बीजिंगच्या प्रेक्षकाला वाटलं. आपण सबटायटल्स वाचतो, आपल्याला ते ऐकूच येत नाही.

दुसरी तक्रार नवलाईची. जिन योंगच्या योद्ध्यांवरच्या कादंबऱ्या आणि त्यांवरच्या मालिका यांत वाढलेल्या माणसाला छतांवरून धावणारे योद्धे पाहून काय अप्रूप वाटणार? ज्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला आहे ती वांग दुलू यांची आहे, १९४० च्या दशकातली, पाच पुस्तकांच्या मालिकेतली चौथी. हे जग त्यांच्या आजी-आजोबांनाही ठाऊक होतं. पाश्चात्त्यांना ते पहिल्यांदा दिसलं आणि ते भारावून गेले, असं इथले लोक म्हणतात. मला त्यात तथ्य वाटतं. ऑस्करच्या कौतुकातला काही भाग निव्वळ नवलाईचा होता.

पण एक सांगतो. ली मू बाई आणि शू लिएन एकमेकांचा हात धरायलाही कचरतात, कारण तिचा दिवंगत वाग्दत्त वर त्याचा मानलेला भाऊ होता. त्या जागेवर या सगळ्या टीकाकारांपैकी कुणालाही मी नाक मुरडताना पाहिलेलं नाही.

कोल्हापूरहून

नवलाईचा मुद्दा आलाच आहे तर दिग्दर्शक किंग हूचं नाव घ्यायलाच हवं. बांबूच्या वनातली लढाई त्याने 'अ टच ऑफ झेन'मध्ये १९७१ सालीच दाखवली होती आणि १९७५ मध्ये कानला त्या सिनेमाचा तांत्रिक कामगिरीसाठी गौरव झाला. त्याच्याच १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'ची तलवारबाज नायिका म्हणजे चेंग पेइ-पेइ. अँग लीने तिलाच आपली खलनायिका जेड फॉक्स केलं, म्हणजे ऋण उघडपणे मान्य केलं. आमच्या फिल्म सोसायटीत हे दोन सिनेमे पाठोपाठ पाहिल्यावर माझं कौतुक कमी झालं नाही, दोघांत वाटलं गेलं.

पुण्याहून

जेड फॉक्सचं नाव निघालं, बरं झालं. माझ्यासाठी हा तिचाच सिनेमा आहे.

ती खलनायिका आहे, खुनी आहे. तिने वुडांग या युद्धविद्येच्या घराण्यातल्या, ली मू बाईच्या गुरूला मारलं. का मारलं? ती स्वतःच सांगते : त्याला तिची शय्येवर सोबत चालत होती, पण विद्या द्यायची नव्हती. म्हणून तिने त्याला विष घातलं आणि ग्रंथ पळवला. पण तिला अक्षरं वाचता येत नव्हती. ती वर्षानुवर्षं चित्रं बघून शिकत राहिली. तिने हाताशी धरून घडवलेली जेन मात्र सरदारघराण्यातली, वाचता येणारी. जेनने लहानपणीच ग्रंथ वाचला, गुरूच्या पुढे गेली आणि ते लपवून ठेवलं. एका झुंजीत फॉक्सला हे समजतं. त्या वेळी चेंग पेइ-पेइचा चेहरा बघा. आपण जन्मभर अर्धीच विद्या घोकत होतो, आणि पोटच्या मुलीसारख्या शिष्येने ते आपल्याला कळू दिलं नाही.

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना एका गुरुजींकडे गाणं शिकायला जात असे. मुलांना समोर बसवून राग उलगडून सांगितला जायचा, आम्हा मुलींना बंदिश पाठ करून घेतली की झालं. 'तुम्हाला पुढे काय करायचंय एवढं?' असं तोंडावर विचारलं जायचं. मी दाराशी बसून मुलांची तालीम ऐकायची आणि घरी येऊन घोकायची. तानेची चाल कळायची, तिचं कारण कळायचं नाही. जेड फॉक्सचा संताप मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

ली मू बाई जेनला शिष्या करायला निघतो, तेव्हा वुडांगमध्ये बाईला प्रवेश नाही हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तिच्यासाठी अपवाद करावा लागेल, असं तो म्हणतो. एका पिढीपूर्वी असा अपवाद झाला असता तर त्याचा गुरू जिवंत असता, आणि फॉक्सच्या विषारी सुईने तो स्वतःही मेला नसता. ज्या सिनेमात खलनायिकेची तक्रार खरी असते आणि नायकाच्या घराण्याने त्याची किंमत मोजलेली असते, त्याला कितीही बक्षिसं द्या, मला ती जास्त वाटणार नाहीत.

डोंबिवलीहून

मी तबला वाजवतो, थोडक्यात लिहितो. छतांवरचा तो पहिला पाठलाग संगीतकार तान दुनने फक्त तालवाद्यांवर पेलला आहे. सूर नाही, धून नाही. लय चढत जाते आणि पाठलाग संपतो तिथेच तुटते. यो-यो माचा चेलो त्याने ली आणि शू लिएनच्या न बोललेल्या गोष्टींसाठी राखून ठेवला. संगीताच्या ऑस्करबद्दल दुमत असू नये.

नागपूरहून

ठाणेकर ताई, बांबूच्या वनातला प्रसंग तुम्ही सांगितला तसा परत पाहिला. फांदीचं म्हणणं पटलं, वाळवंटाबद्दल माझं मत तेच आहे. आता एक प्रश्न. २०१६ चा पुढचा भाग कुणी पाहिलाय का?

सिएटलहून

मी पाहिलाय. दिग्दर्शक युएन वू-पिंग, म्हणजे पहिल्याच्या मारामाऱ्या बसवणारेच. शू लिएनच्या भूमिकेत मिशेल योच. संवाद इंग्रजीत, चित्रीकरण बरंचसं न्यूझीलंडमध्ये. मारामाऱ्या भरपूर, जोडीला डॉनी येन. तरीही मी तो अर्ध्यातून उठून दुसऱ्या दिवशी संपवला. सगळे लढतात, पण कुणाला काही बोलायचं राहून गेलंय असं वाटतच नाही. पहिल्या भागाचं कौतुक कशासाठी झालं याबद्दल शंका असेल, त्यांनी दोन्ही लागोपाठ बघा. मारामाऱ्या बसवणारा तोच, नटी तीच, तलवारही तीच. नाही तो फक्त अँग ली.